ओरेस्टचं डिनर

कॅनडातल्या आमच्या सस्कॅचेवनचा निसर्ग बघायला येणाऱ्या माणसांचं मला हसू येतं. डास चावले की किंचाळतात, वारा सुटला की टोप्यांमागे धावतात, आणि जिथे काहीच नाही तिथे गाडी थांबवून म्हणतात, केवढं हे आकाश! आकाश त्यांच्या गावालाही आहे. मान वर करायला फुरसत नाही, एवढंच.

त्या सप्टेंबरात मात्र माझा शेजारी ओरेस्ट हनातिउक अशाच पाहुण्यांकडे डोळे लावून बसला होता. शेजारी म्हणजे मैलभर लांबचा. आमच्याकडे ती भिंतीला भिंतच. त्याची एकुलती एक लेक लेस्या टोरोंटोहून नवरा आणि सासूला घेऊन तळ्यावरचे क्रौंच बघायला येणार होती. बापाला नव्हे, क्रौंचांना. मुक्कामही तळ्याकाठच्या लॉजवर, कारण सासूबाईंना होडी वल्हवायची हौस. ओरेस्टने फोनवर सांगितलं, रविवारी डिनरला या.

त्या जेवणावर बरंच काही अडलं होतं. पलीकडच्या शेताचा मालक वेन्डेल फ्रीसन वर्षभर त्याचं घर आणि जमीन विकत मागत होता. लेस्या जेवताना एकदा जरी 'आपलं घर' म्हणाली तर विकायचं नाही, असं ओरेस्टने मनाशी ठरवलेलं. सरळ विचारलं असतं तर बहुतेक त्याची जीभ झिजली असती.

रविवारी सकाळी मी पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरायला गेले. कोबीच्या पानांत भात त्याने आदल्या दिवशीच गुंडाळून ठेवला होता. म्हाताऱ्याने चक्क इस्त्रीचा शर्ट घातला होता. आमच्याकडे डिनर दुपारी बाराला, रात्रीचं ते सपर. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाराला टेबल मांडून झालं. एक वाजला. बीटच्या सूपवर साय धरली. मी म्हटलं, फोन कर.

"मी कशाला करू?" तो म्हणाला. "जेवायला त्यांना यायचंय."

दोन वाजता तो उठला आणि सगळी पातेली ट्रकमध्ये चढवली. पलीकडे वेन्डेलची कापणी चालली होती. तिथल्या गड्यांनी उभ्याउभ्याच सगळं फस्त केलं, आणि पातेली रिकामी होईतो ओरेस्टने सौदा पक्का म्हणून वेन्डेलच्या हातात हात दिला. मी बाही ओढली तर मलाच म्हणाला, "वर्ना, तू पातेली बघ."

संध्याकाळी सहाला त्याच्या दारात चकचकीत गाडी लागली. लेस्याच्या हातात वाइनची बाटली, सासूबाईंच्या गळ्यात दुर्बीण. त्यांनी अंगण बघून घेतलं आणि म्हणाल्या, किती छान, अगदी काहीच नाही इथे. मी त्यांना खुर्ची दिली. हे माझे उपकार.

लेस्या रिकाम्या टेबलाकडे बघत राहिली. "बाबा, डिनरला बोलावलं होतंस ना?"

"बोलावलं होतं. दुपारी."

तिचा चेहरा उतरला. इथे जन्मली, याच टेबलावर वाढली, आणि शब्द तेवढा त्यांच्याकडचा घेऊन आली. नवऱ्याला काही कळेना. तो बाटली उघडायला काहीतरी शोधत होता.

ओरेस्टने अंडी तळली. खाताना लेस्या म्हणाली, "बाबा, आम्ही ठरवलंय, दर सप्टेंबरला महिनाभर येऊन राहू. लॉजवर नाही. आपल्या घरी."

ओरेस्टने काटा खाली ठेवला. दुपारी वेन्डेलला हात दिला, असं त्याने सांगितलं. लेस्याने फोन उचलून त्याच्यापुढे धरला. म्हणाली, अजून कागद झालेले नाहीत, आत्ता नाही म्हणून सांग.

"हात दिला म्हणजे दिला," ओरेस्ट म्हणाला. "हे तरी आठवतं का तुला?"

मला दोघांचाही संताप आला. ती रडायला लागली. आणि हा अडेलतट्टू, लेकीला जवळ घ्यायचं सोडून, तिच्या ताटात आणखी एक अंडं वाढत होता.