श्रावणातली सुकट

मेडिकल कॉलेजातील माझे दुसरे वर्ष संपले, त्या पावसाळ्यात कल्याणच्या आमच्या घरी वहिनी हिवतापातून नुकती उठली होती. अंगात रक्त म्हणून उरले नव्हते. ठाण्याच्या डॉक्टरांनी रोज ताजे अंडे द्यावयास सांगितले, आणि नेमक्या त्याच दिवसांत परसातल्या कोंबड्या कवच नसलेली, नुसत्या पापुद्र्याची अंडी घालू लागल्या. ती खुराड्यातच फुटत व कोंबड्याच ती खाऊन टाकीत.

कारण उघड होते. पावसामुळे कोंबड्या कोंडलेल्या, आणि खाणे म्हणजे भाताचा कोंडा. त्यात चुना नाही, पोषकही फारसे काही नाही. मी खाडीवरचे शिंपले भाजून कुटले, नाचणीच्या पिठाची उकड काढली, तीत टाकळ्याचा कोवळा पाला चिरून घातला. राहिली सुकट. ती वाळवलेली बारीक कोळंबी घातल्यावाचून खाद्य अपुरे होते, आणि श्रावण तर लागला होता. आमच्याकडे एरवी मासे शिजत. श्रावणात त्यांचा वासही उंबऱ्याच्या आत येत नसे. हा नेम सांभाळणारी माझी विधवा आत्या.

मी तिला चुन्याचे शास्त्र समजावू लागले. तिने मध्येच थांबवले.

"कोंबड्यांना कुठला आलाय श्रावण? परसात चूल मांड. घरात मात्र पाऊल टाकशील ते आंघोळ करून."

एवढ्यावर ती थांबली नाही. माझा अभ्यास बुडू नये म्हणून सुकट कुटायला रोज तीच बसे, आणि नंतर विहिरीच्या गार पाण्याने पुन्हा आंघोळ करी. त्याबद्दल तिने एकदाही कुरकुर केली नाही. खिडकीतून पाहणारी वहिनी मात्र म्हणे, "वन्सं, कॉलेजात कोंबड्यांचा स्वयंपाकही शिकवतात वाटतं. आम्हांला मेलं मुगाचं पाणी."

कोंबड्या त्या उकडीच्या गोळ्यांवर तुटून पडत. काही दिवसांनी टणक कवचाचे अंडे हाती आले. परसातल्या चुलीवर उकडून मी ते वहिनीपुढे धरले, तर तिने तोंड फिरवले. लहानपणापासून तिचा श्रावण कधी मोडला नव्हता. आता मोडला आणि ताप उलटला तर, एवढीच तिला भीती. माझ्या साऱ्या युक्तिवादाने ती भीती तसूभरही हलली नाही.

आत्या तिच्या उशाशी येऊन बसली. "तुझा श्रावण मी पाळते. आजपासून अळणी जेवीन. तू खा."

"आत्याबाई, तुमचा तर आहेच की."

"मग दोन पाळते. मला कुठं कॉलेजात जायचंय?"

वहिनी हसली, आणि तिने ते अंडे खाल्ले.

महिनाअखेर तिच्या नखांवर लाली दिसू लागली. भाद्रपद लागला त्या दिवशी आत्याच्या पानात मीठ मी वाढले. तिने ते चिमटीने उचलून आधी जिभेवर ठेवले, आणि मग वरण मागितले.