शेठच्या हातचा पहिला आरा

सावंत सर चाकापुढे उकिडवे बसले होते. हातात वीतभर पंप. तो व्हॉल्ववर बसत नव्हता. सरांनी वरून लावून पाहिला, बाजूने लावून पाहिला. मग कंबर धरून उठले आणि गल्ल्याकडे वळले.

“शेठ, चाक देखणं झालंय. देव्हाऱ्यात ठेवतो, रोज फूल वाहतो. पण हवा कुठून भरू?”

सर मूळचे कोकणातले, सिल्वाशाच्या शाळेत पीटी शिकवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा-ऑफिसवाल्यांची सायकल शर्यत होती, खानवेलपर्यंत. सराव करताना डोकमर्डीला म्हैस आडवी आली. म्हशीला काही झालं नाही, सरांची पुढची रिम मोडली. म्हणून नव्या रिमवर चाक बांधायचं काम आमच्याकडे आलं. बांधलं मी. फिरवलं की नुसतं झुळझुळ फिरायचं. चाक डुगडुगतं त्याला आम्ही ‘आउट’ म्हणतो. या चाकात आउट नावालाही नव्हता.

थोडं धंद्यातलं सांगतो. चाकाच्या मधोमध हब असतो. त्याच्यापासून रिमपर्यंत तारा जातात, ते आरे. ते सरळ जात नाहीत. तिरके जातात, आणि वाटेत समोरून येणाऱ्या आऱ्यांना ओलांडतात. अर्धे पुढे ओढतात, अर्धे मागे. बाजेची वीण असते तसंच. या विणीत रिमजवळ एक फट ऐसपैस येते, पुढची अडचणीची, परत एक ऐसपैस. हवा भरायचा व्हॉल्व ऐसपैस फटीत यायला पाहिजे. आमचा अडचणीत आला होता. डोक्यावर दोन आऱ्यांची कैची.

आणि हे सगळं ठरतं पहिल्या आऱ्यावर. तो व्हॉल्वच्या भोकाच्या कुठल्या बाजूला बसला, तशी पुढची सगळी वीण पडते. आमच्या दुकानात पहिला आरा शेठ बसवायचे.

तो रिवाजच होता. कांतीशेठ हात धुणार, आऱ्याला कंकू लावणार, देवाचं नाव घेणार आणि चष्मा न लावता हाताला येईल त्या भोकात आरा घालणार. मग त्याला कोणी हात लावायचा नाही. दूधवाल्यांच्या काळ्या सायकलींना काही फरक पडत नसे. दुकानच्या मोठ्या पंपाला रबरी नळी होती, ती कुठूनही आत शिरायची. सरांच्या रेसिंग सायकलचा पंप बिननळीचा, सरळ दाबूनच बसणारा. त्यामुळे मलाही उलगडा झाला तो सर उकिडवे बसले तेव्हाच.

उलगडा झाला आणि मला माझ्या आधीचा कारागीर आठवला. त्याने एकदा शेठचा आरा काढला होता. त्याच आठवड्यात शेठ ओट्यावरून घसरले. कारागिराला बिछान्यासकट वापी स्टेशनवर पोचवण्यात आलं. मी आठवीतून शाळा सोडून खानदेशातून आलेला. काकाने धाग्याच्या कारखान्यात लावायला आणलं, तिथल्या सुपरवायझरने माझे दंड बघून परत पाठवलं. शेठने ठेवून घेतलं. माळ्यावर झोपायला जागा, दोन वेळचं जेवण त्यांच्या घरून. वरण गोड असायचं. मी वर गुपचूप लसणाची चटणी घालायचो, पण त्या ताटाला आजही हात जोडतो. हे ताट गेलं तर मी कुठे जाणार होतो?

म्हणून मी कारण पोटातच ठेवून चाक पुसत राहिलो. शेठ मात्र बोलत होते, निम्मं गुजराती, निम्मं मराठी.

“सर, पंप खराब छे.”

“कालच तुमच्याकडनं घेतला.”

“तो व्हॉल्व खराब.”

“तोही तुमचाच.”

“तो पछी तमारा हात जाडा! सुकलाल, तू भर बेटा.”

मी वाकलो. पंप लावल्यासारखं केलं. “शेठ, थोडं... अडतंय.”

“शुं अडतंय? खसक, हूं बताऊं.”

शेठ खाली बसले. “बोट घालून व्हॉल्व वाकडा कर, पंप बसेल,” म्हणत त्यांनी तर्जनी त्या कैचीत घातली. तर्जनीत पुष्कराजाची अंगठी. बोट आत गेलं. अंगठीही गेली. बाहेर काहीच आलं नाही.

“सुकलाल.”

“हो शेठ.”

“बोट फसलं.”

सर म्हणाले, “व्वा! आता शर्यतीला तुम्हाला घेऊनच जातो.”

शेठने ओढून पाहिलं. आरे तंबोऱ्यासारखे वाजले. बोट लाल झालं, मग वांग्यासारखं. मी निप्पलची चावी घेऊन उभा. निप्पल म्हणजे आऱ्याच्या टोकाची चिमुकली चाकी, ती ढिली केली की आरा सुटतो.

“बघतो काय? काढ!”

“कुठला काढू, शेठ?”

“जो अडे छे, ए!”

“तो... तुमच्या हातचा आहे.”

शेठने वाकून पाहिलं. आऱ्यावर कंकू अजून होतं. “बाजूचा काढ.”

बाजूचा ढिला केला. बोट तिथेच.

“शेठ?”

“अरे, मारा हातनो, तारा हातनो... काढ ने, भगवान जुए छे, बघतोय तो!”

“काढू ना नक्की? मागाहून म्हणाल...”

“काढ रे!” सर आणि शेठ एकदम ओरडले.

मी आऱ्याला नमस्कार केला आणि काढला. बोट सुटलं. शेठ ते तोंडात धरून गल्ल्यावर जाऊन बसले. सर म्हणाले, “मुहूर्त मोडलाच आहे तर आता सगळंच सोड, बाबा.”

टायर उतरवला, चाक सोडलं. दुपार होती, वेळ होता. नव्याने बांधायच्या आधी मी रिम शेठपुढे धरली. रिवाज तो रिवाज. शेठने डाव्या हाताने कंकू लावलं, डोळे मिटले. या वेळी मी दोन्ही पंजांनी आजूबाजूची भोकं झाकली होती. उघडं एकच ठेवलं होतं, व्हॉल्वला ऐसपैस फट मिळेल ते. आरा बरोबर तिथेच बसला.

“जो,” शेठ मला म्हणाले, “हाथमां बरकत जोईए.”

“हो शेठ, हातात बरकत पाहिजेच.”

संध्याकाळी सरांनी एका दमात हवा भरली. शर्यतीत ते सातवे आले. टायर पंक्चर झालाच नाही, पंप खिशातून काढावाच लागला नाही. मला कोणी वापीला पोचवलं नाही. शेठच्या घरचं वरण मी त्यानंतरही पुष्कळ वर्षं खाल्लं.

चाकं बांधायला शिकवताना मी आता पोरांना एवढंच सांगतो: पहिला आरा मालकालाच बसवू द्यावा. रिम तेवढी आपण धरावी.