घंटेला न पोचलेला हात

गिरनारला जायचं ठरलं तेव्हा माझ्या पत्नीची पाठ वर्षभर दुखत होती. ती कण्हली की मी म्हणायचो, "अठ्ठावन्नाव्या वर्षी सगळ्यांचीच दुखते." रोपवेचं तिने एकदा विचारून पाहिलं. दहा हजार पायऱ्या पायीच चढायच्या, दत्तमहाराज बळ देतात, असं मी सुनावलं. खरं तर इतकी वर्षं सेवा करून मला काय मिळालं, ही शंका माझ्याच मनात होती. त्या शंकेवर उतारा म्हणून ही यात्रा होती.

निघण्याआधीच्या गुरुवारी आम्ही कसबा पेठेतल्या नेहमीच्या दत्ताच्या देवळात गेलो. तिने टाचा उचलल्या, तरी हात घंटेला पोचला नाही.

"घंटा वर बांधली वाटतं," ती म्हणाली.

मागे काठी टेकून एक अनोळखी बाई उभ्या होत्या. "घंटा आहे तिथेच आहे. तुम्हीच खाली आलात. पाठ दुखते का?"

पत्नीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली.

"मीही वय झालं म्हणून गप्प बसले. मग न्हाणीघरात नुसती घसरले, तर खुबा मोडला. हाडं तपासून घ्या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि आपण काय, नुसते प्रसादाला?"

मला त्यांचा राग आला. पण पत्नी पहिल्यांदाच हटून बसली, म्हणून दुसऱ्या दिवशी तपासणी केली. हाडं ठिसूळ झाली होती. दोन मणके कधीच दबले होते, त्यानेच तिची उंची घटली होती. पायऱ्यांवर पाय घसरला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. बाहेर बाकावर तिच्याच वयाच्या चौघीजणी होत्या, आणि मनगट प्लास्टरमध्ये असलेले एक निवृत्त मास्तर. बोलता बोलता कळलं, वय झालं असंच प्रत्येकाला वाटलं होतं.

गिरनार राहिला. त्या बाई पुढे देवळात भेटल्या; शेजारच्याच आळीत राहतात. आभार मानले तर म्हणाल्या, "माझे कसले? बायकोला विचारा आधी."

देवावर भार टाकला, असं मी म्हणत होतो. टाकला होता तिच्या पाठीवर. त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, नेमकं कुठे दुखतं, केव्हापासून. ती बराच वेळ सांगत राहिली. मी मध्ये महाराजांचं नाव घेतलं नाही, फक्त ऐकलं. एवढं महाराजांनी माझ्याकडून करवून घेतलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.