दिव्याला वारा लागू नये म्हणून

"मशीन कुणी बंद केलं?" मी विचारलं.

"म्या केलं," सरांच्या थोरल्या बहीण, आक्का म्हणाल्या. "पंख्याचा वारा दिव्याला लागत हुता. धा दिवस दिवा इझू द्यायचा न्हाई. म्हून बोर्डाचं बटनच बंद केलं."

कडलग सर याच खोलीत गेले. जिथं प्राण गेला तिथं दिवा ठेवतात, तसा तो टेबलाशेजारी तेवत होता. टेबलावर सरांचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, आणि ते गार ठेवायला लावलेला टेबलफॅन. दोन्ही एकाच बोर्डावर. संगमनेरात कॉम्प्युटर दुरुस्त करता करता माझे केस पिकले, पण इथं दुरुस्त करायला काही बिघडलेलंच नव्हतं. तीच तर रड होती.

सर फिजिक्सचे रिटायर्ड शिक्षक. त्यांनी घरीच स्वतःचं सोशल नेटवर्क चालवलं होतं. मोठ्या कंपनीच्या नेटवर्कला एकच मालक असतो. या प्रकारात जो तो आपल्या मशीनवर छोटा सर्व्हर चालवतो आणि हे सर्व्हर एकमेकांशी बोलतात. गावं वेगळी, पण सोयरिकी जुळलेल्या, तसं. "भाड्याच्या घरात खिळा ठोकायलाही मालकाला विचारावं लागतं," सर म्हणायचे. रोज संध्याकाळी ते आजचं आकाश आपल्या आवाजात सांगायचे. जुने विद्यार्थी कुठून कुठून ऐकायचे, आणि रेकॉर्डिंग या मशीनमध्ये साठायचं. ऐकलं नव्हतं ते फक्त सरांच्या बायकोनं, मालनकाकूंनी.

"घरातलंच माणूस, त्याला मोबाईलवर काय ऐकायचं?" काकू म्हणाल्या. "आता एकदा ऐकवा. त्यासाठीच बोलावलंय तुम्हाला."

मी मशीन चालू केलं. पडद्यावर पासवर्डची चौकट आली. सरांनी सगळी डिस्क एनक्रिप्ट केली होती, म्हणजे आतल्या मजकुराला कुलूप. मशीन चालू आहे तोवर कुलूप उघडं. बंद झालं की लागलं. किल्ली सरांच्या डोक्यात होती. बॅकअपच्या जादा प्रतीलाही तेच कुलूप, तीच किल्ली.

मुलाचं नाव टाकलं, शाळेचं टाकलं, गावाचं टाकलं. उघडेना.

"माझं टाकून बघा," काकू हळूच म्हणाल्या.

टाकलं. नाहीच. घरच्या माणसाचं नाव पासवर्डला ठेवू नये, हे सरांनीच मला शिकवलं होतं. पण ते काकूंना त्या वेळी कसं सांगणार? मी स्पेलिंग बदलून बदलून उगाच टाकत राहिलो. शेवटी हात टेकले.

मग इतर सर्व्हरवाल्यांना विचारलं. सरांचं लिहिलेलं त्यांच्याकडे पोचलं होतं, ते शाबूत होतं. पण आवाजाच्या फाइली जागा खातात, म्हणून त्या थोड्या दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. विद्यार्थ्यांनीही काही ठेवलं नव्हतं. रोज मिळतंय ते कोण साठवतं? कोपरगावला साखर कारखान्यात केमिस्ट असलेल्या एकाकडे मात्र एक क्लिप निघाली. गंमत म्हणून ठेवलेली.

ती काकूंना ऐकवली. सर सांगत होते, "मंडळी, पश्चिमेला बघा, शुक्र..." तेवढ्यात मागून काकूंचा आवाज, "अहो, दूध उतू चाललंय, बघा जरा! हजारदा सांगितलं, गॅसजवळ थांबा म्हणून!" त्यावर सर, "आलो, आलो. मंडळी, शुक्र थांबेल, दूध थांबणार नाही." क्लिप संपली.

काकू हसल्या. मग पदर तोंडाला लावून खूप रडल्या. मलाही आवरलं नाही.

"यात माझंच बोलणं जास्त आहे हो," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. मग दाराकडे बघून आवाज खाली केला. "आक्कांना सांगू नका, बटनामुळं झालं म्हणून. भावाचा दिवा जपला त्यांनी."

आक्का आत आल्या. "झालं का रं चालू?"

"जुनं झालंय मशीन, आक्का," मी म्हणालो.

"व्हय, त्याच्याच वयाचं आसंल," म्हणत त्यांनी दिव्यात तेल घातलं.

आता कुणाचंही मशीन लावून देताना मी विचारतो, किल्ली आणखी कुणाकडे आहे? लोक हसतात. "एवढ्यात कुठं मरतोय आम्ही!" म्हणतात.

मी एकदाच विचारलं होतं, तेव्हा सरही हेच म्हणाले होते.