जीपमधून न उतरलेला साहेब

सिंधूनं पंचवीस वर्षं एकच नाव जपलं: शेषेराव. देवाचंही कुणी इतकं जपत नसेल.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर औशाकडच्या तिच्या गावात पंचनाम्याला हाच साहेब आला होता. जीपमधून उतरलाच नाही. रस्त्याकडच्या भिंती उभ्या दिसल्या, अख्ख्या गल्लीवर एकच शेरा मारून मोकळा: किरकोळ तडे. त्यामुळं राहायला पत्र्याचं शेड मिळालं नाही, घरातच राहा म्हणाले. आठव्या दिवशी मागची भिंत सिंधूची माय गुरम्मा हिच्या अंगावर आली. माय गेली.

सिंधू उदगीरच्या डाळमिलमध्ये चाळण्या मारत मोठी झाली. नांदेडला कॉम्प्युटर शिकली, तर तिथंही चाळणीच निघाली. यंत्र लाख माणसं एकेक करून बघत नाही. सारख्या दिसणाऱ्यांचा एक कण करतं आणि कणावर निकाल देतं. कण जाड ठेवला की काम झटपट, आतला माणूस मात्र गायब.

निवृत्तीनंतर शेषेरावांनी लातुरात क्लास काढला. बॅचेस पाडायला प्रोग्राम हवा होता. सिंधू आपल्या पायानं गेली.

"शाळा कुठली आणि दहावीचे टक्के, एवढं बास. खेड्यातली पोरं शेवटच्या बॅचला. प्रवेश परीक्षेच्या पेपरांत लई खोलात जाऊ नका, मॅडम."

"न्हाई जात, सर."

यादी निघाली. साहेबांची नात मुग्धा इस्लापूरच्या, म्हणजे खेड्यातल्या शाळेतली. शेवटची बॅच!

"मशीन येडं झालं का? पोरीचा पेपर तरी बघा!"

"मशीन शहाणं हाय. कण तुम्हीच जाड सांगितला. माझ्या मायचं घर आतून बघितलं होतं का कुणी?" तिनं गावाचं नाव घेतलं. साहेबांना ती गल्ली आठवली, तरी त्यांनी यादी पुढं ओढली.

"नातीचं नाव हातानं वर टाकतो मी."

"टाका की. कसं सरकलं ते बाकीच्या पोरांच्या बापांना मी सांगते."

बारीक कणांचा दुसरा प्रोग्राम तिच्या पिशवीत तयारच होता. त्यात तीन ढीग पडायचे: नक्की पुढचे, नक्की मागचे आणि यंत्रालाच खात्री नाही असे. तिसऱ्यात तीनशे बारा पोरं. मुग्धाही त्यातच.

"हा ढीग तुम्ही बघायचा. एकेक पेपर, स्वतः. नातीचा सगळ्यात शेवटी."

"डोळ्यांना नीट दिसत नाही, बाई."

"तवा तर दिसत होतं ना?"

चार दिवस ती समोर खुर्ची टाकून बसली. म्हातारा उठायला लागला की म्हणायची, "बसा. लई घरं राहिलीत अजून."

माफी त्यांनी दोनदा मागितली. दोन्ही वेळा तिनं पुढचा पेपर सरकवला.