ईरण्णा शिंप्याच्या कळ्या

राजेश्वर गावच्या ईरण्णा शिंप्याला सगळं जग कळीच्या आकाराचं दिसायचं. परकराला घेर यावा म्हणून जोडतात ती कळी: वरची कड आखूड, खालची लांब, दोन्ही समांतर आणि बाजू तिरकी. सुपाकडे बघून तो म्हणे, "कळीच हाय की ही." विहिरीच्या कमानीतला दगड, बैलगाडीची पुढे निमुळती होणारी चौकट, साऱ्या त्याच्या लेखी कळ्याच. सोलापूरकडून आलेल्या मास्तरांनी एकदा सांगितलं, "अहो, याला समलंब चौकोन म्हणतात." ईरण्णा म्हणाला, "म्हणा बापडे. शिवायचं तर मलाच हाय."

चन्नव्वा त्याची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेलेली. बापाच्या गुडघ्याशी, चिंध्यांच्या ढिगातच ती वाढली. तेराव्या वर्षी लग्न ठरलं. वीस दिवसांनी अंगाला लुगडं लागणार, ते कायमचं. त्याआधी तिला एकच हवं होतं, गिरकी घेतली की भोवताली फुलणारा परकर. पण लढाईचे दिवस, कापड कंट्रोलवर. मिळालं ते जेमतेम, पण त्यावर लाल चोचीच्या राघूंचा छाप होता आणि चन्नव्वा त्यावर भाळली होती.

"एवढ्यात घेर कसा बसंल, अप्पा?"

"बसंल. बघ तू."

तीन विती रुंद पट्टी त्याने पसरली. एका टोकाला वीतभर, दुसऱ्या टोकाला दोन विती सोडून तिरकी रेघ ओढली आणि कात्री चालवली. एका पट्टीच्या दोन कळ्या झाल्या, एक पायावर उभी, एक डोक्यावर. चिंधीसुद्धा वाया गेली नाही. "दोन कळ्या उलटसुलट ठिवल्या की सरळ पट्टी हुती," तो म्हणाला. "ह्ये कळलं की कापड कमी पडत न्हाई."

परकर शिवून झाला. चन्नव्वाने तो उलगडला आणि तिचं तोंडच उतरलं. एका आड एका कळीवर राघू खाली डोकं, वर पाय. पोर संतापली.

"अप्पा, राघू उलटे कामून लावलाव?"

"कुठले राघू?" ईरण्णाने कापड डोळ्यांपाशी नेलं, बोटांनी चाचपलं. "पानं हायत ती. पानाला काय उलट न् सुलट!"

आता चन्नव्वाच्या ध्यानात आलं. अप्पाला दिसत नव्हतं. किती दिवसांपासून, देव जाणे. नुसत्या हातांच्या सवयीवर तो कापत, शिवत होता आणि गावाला पत्ता नव्हता. तिलाही नव्हता, याची तिला लाज वाटली.

"व्हय अप्पा, पानंच हायत," ती म्हणाली. परकर नेसून तिने अंगणात गिरकी घेतली.

"घेर बसला का गं?"

"लई बसला!"

"बसलाच की. वारा लागायलाय मला." ईरण्णा हसला. चन्नव्वा रडतच गरगरत राहिली.

पुढे नातवंडं झाली तरी ते वीस दिवस चन्नव्वाला विसरता आले नाहीत. त्या दिवसांत परकर तिने अंगावरून उतरवलाच नाही. गिऱ्हाइकाचं कापड आलं की ती आधीच सांगे, "अप्पा, फुलं हायत, तोंड इकडं." ईरण्णा नुसता हूं म्हणे.

वऱ्हाड निघायच्या आदल्या दिवशी, हळदीच्या अंगाने, ती घरातल्या सगळ्या सुया घेऊन बसली आणि एकेकीत दोरा ओवून उशीला टोचू लागली.

"एवढ्या कामून ओवायलीस?"

"असू द्या."

ईरण्णाने त्या सुयांवरून हलकेच हात फिरवला.

"आन् ह्या सरल्यावर गं?"

चन्नव्वाने पुढची सुई उचलली.