तांड्यावरच्या ओल्या चुली

मी जे काही शिकलो ते काकूंमुळे. त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. त्यांचे यजमान, ज्यांना मी काका म्हणे, उमरखेडला तहसील कचेरीत कारकून होते. एकदा ते कामासाठी आमच्या बंजारा तांड्यावर आले आणि वडिलांपुढे त्यांनी अंगठ्यासाठी कागद धरला. मी तो कागद वडिलांना वाचून दाखवला आणि मगच वडिलांनी अंगठा लावला. दुसऱ्या एखाद्या कारकुनाला राग आला असता. काका हसले आणि म्हणाले, "याला आमच्याकडे पाठवा. सातवीनंतर इथं शाळा कुठं आहे?"

छप्पन सालच्या जूनमध्ये वडील मला त्यांच्या ओसरीवर सोडून गेले. तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता. दिवाळीच्या सुमारास तो मुंबई राज्यात गेला आणि शाळेतला भिंतीवरचा नकाशा बदलला. त्याच सुमारास माझं ताटही हललं. तोवर ते ओसरीवर वाढलं जाई. एके दिवशी काकूंनी ते उचलून स्वयंपाकघरात आपल्या दोन मुलींच्या ओळीत मांडलं. शेजारच्या बाईंनी काही विचारलं असावं, कारण काकूंचं उत्तर मला ऐकू आलं, "मला दोनदा उठायचा कंटाळा येतो हो." याहून जास्त त्या या विषयावर कधी बोलल्या नाहीत.

चार वर्षं मी त्यांच्या घरी जेवलो. मॅट्रिक झालो आणि ढाणकीच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. बी.ए. पुढे नोकरी करता करता झालो, तेही काकू दर पत्रात विचारत राहिल्या म्हणून.

ढाणकीला मी बाजाराच्या मागे एक खोली घेतली. बाजाराचा दिवस बरा जाई. गाड्या येत, बैलांच्या घुंगरांचा आवाज येई, ओळखीचं कोणी दिसे. बाकीचे दिवस शाळा सुटली की मला बोलायला कुणी नसे. वातीच्या स्टोव्हवर मी भात टाकायचा आणि तो शिजेपर्यंत पुस्तक वाचायचं. कितीही कमी टाकला तरी भात उरायचा. एका माणसाचा स्वयंपाक करायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. आईच्या घरी आणि काकूंच्याही घरी पातेली मोठी होती.

एकसष्ट साली शिरगणती आली. शाळामास्तरांनाच मोजणीला जुंपलं होतं. कचेरीत आम्हाला शिकवलं गेलं, त्यातलं मुख्य वाक्य हे, की एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. एका छपराखाली दोन चुली असतील तर कुटुंबं दोन. जो जिथे नेहमी राहतो तिथेच त्याची नोंद. मला माझाच तांडा मिळाला, कारण तिथली बोली येणारा दुसरा मास्तर नव्हता.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी नायकाच्या अंगणात बसलो. नायक म्हणजे तांड्याचा म्होरक्या, माझ्या वडिलांच्या वयाचा. लोक जमले. मी आमच्या गोरबोलीत सांगू लागलो तर नायक मुद्दाम वऱ्हाडीत बोलला, जशी तो पटवाऱ्याशी बोले.

"मास्तर, तुमाले आमची बोली अजून येते काय?"

"येते ना, नायक."

"मंग बरं हाये. आमाले वाटलं, पोट्टा आता कोर झाला." बंजारा नसलेल्या माणसाला आमच्यात कोर म्हणतात. लोक हसले. मीही हसलो, पण ते मनाला लागलं.

मी सांगितलं, घरं चुलीप्रमाणे मोजणार. यापलीकडे काही बोललो नाही. पण पडीत जमीन वाटणार असल्याची बोलवा बाजारात आधीपासून होती. लोकांनी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या.

सकाळी मोजणीला निघालो तर दर घरात नवी चूल. ओल्या मातीची, भुसा घालून लिंपलेली, कुठे अजून बोटांचे ठसे असलेली. काल एकत्र जेवलेले बाप-लेक आज वेगळे निघालेले. एका म्हाताऱ्याची चूल कोंबड्यांच्या डालग्यामागे मांडली होती. तो तिच्याजवळ उकिडवा बसून मला म्हणाला, "मी आता याइच्यात नाही. मले वेगळा लिह्य."

"बाबा, काल रात्री कुठं जेवलात?"

"सुनेकडं."

"आणि आज?"

त्याने आत सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "भाकर झाली हाये, जेवून घ्या मंग वेगळे व्हा."

मी घरोघर सांगत फिरलो की या मोजणीत जमीन नाही, कुणाला काही मिळणार नाही, कुणाचं काही जाणार नाही. नायक सोबत होता. शेवटी तोच लोकांना म्हणाला, "मोडा रे चुली. याच्याजवळ काहीच नाही. खाली हात आला हाये." दुपारपर्यंत बऱ्याच चुली मोडल्या. उरलेल्यांत मुलं खेळू लागली.

आमचं घर मी शेवटी ठेवलं होतं. का, ते मला तेव्हाही कळत होतं. सगळ्यांना प्रश्न विचारून झाले की घरी जायचं, मग मी कोणाचा मास्तर नसणार, असं मी स्वतःला सांगत होतो. घरी आई, वडील आणि धाकटी बहीण अशी तीनच माणसं. आत गेलो तर जुन्या चुलीच्या डाव्या अंगाला नवी चूल. इतर घरांतल्या घाईघाईच्या होत्या. ही नीट घोटलेली, कडेला पांढऱ्या मातीची रेघ ओढलेली, जशी आई लग्नाच्या वेळी काढी.

वडिलांनी बाजेवर घोंगडी टाकली. मी कागद काढले. नायकही दारात टेकला. आमच्या घरचं बोलणं आमच्या बोलीतलं, इथे मी ते वऱ्हाडीत उतरवतो; नायक मात्र अजून खरोखरच वऱ्हाडीत बोलत होता.

"घरात माणसं किती?" मी विचारलं.

"चार," वडील म्हणाले.

"बा, मी ढाणकीला राहतो. माझी नोंद तिथं होते."

"तिथं तुह्यासंगं कोण हाये?"

"कुणी नाही."

"मंग तिथं एकटा कायले लिह्यतं? घर हाये ना तुले."

नायक म्हणाला, "त्या चुलीचं काय? ते बी जमिनीसाठीच ना?" वडील घोंगडीची कड सारखी करू लागले. त्यांच्या मनात जमीन असावी, मी त्यांना दोष देत नाही.

आई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "मले जमीन नको. सगळ्याइच्या घरात लेकाची चूल मांडली, मी बी मांडली. याचं लगन झालं असतं तर मांडलीच असती." मग नायकाकडे वळून म्हणाली, "काल तुमी माह्या लेकाले कोर म्हटलं ना? पहा, याची चूल इथं हाये."

नायक म्हणाला, "वहिनी, मस्करी होती ते."

"मस्करीच. पण ऐकलं साऱ्याइनं." आणि मला म्हणाली, "लिह्य. सरकारच्या कागदावर लिह्य, तू इथला हायेस म्हणून. मंग कोणी बोलणार नाही."

आईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते हेच. मी चौदाव्या वर्षी गेलो तेव्हा तिने मला अडवलं नव्हतं. सुट्टीत आलो तर मी ताट स्वच्छ आहे का पाहतो, हे तिला दिसायचं आणि ती ते पुन्हा धुवायची. आता ती फक्त एक ओळ मागत होती. ती लिहायला शाई पुरे होती. माझी खोली कुलपात होती. तिथे मोजणाऱ्या मास्तराला मी काही सांगितलं नसतं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

पण सकाळपासून मी प्रत्येक घरात लोकांना चूल मोडायला लावली होती. त्या म्हाताऱ्यालाही.

"याडी," मी म्हणालो. आईला आम्ही याडी म्हणतो. "नाही लिहिता येत. नेहमी जिथं जेवतो तिथंच लिहायचं असतं."

"नेहमी तू कोठी जेवतं?"

मला स्टोव्हवरचा भात आठवला.

मी तीन लिहिलं. वडिलांनी अंगठा लावला. या खेपेला मी त्यांना वाचून दाखवलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही. नायक उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून गोरबोलीत म्हणाला, "चाल बेटा, पाणी पी," आणि निघून गेला. कालपासून तो माझ्याशी पहिल्यांदाच आमच्या बोलीत बोलला होता.

आईने नवी चूल मोडली नाही. ती पेटवलीही नाही. जुन्या चुलीवर भाकरी टाकल्या आणि मी त्याच खाल्ल्या. निघताना बहीण वेशीपर्यंत आली. तिने सांगितलं, याडीने माती लांबच्या नाल्यावरून आणली होती, कारण जवळची माती तडकते.

ढाणकीला पोहोचलो तर काकूंचं कार्ड येऊन पडलं होतं. दोन्ही मुलींची लग्नं होऊन त्या नागपूर-अकोल्याकडे गेल्या होत्या. आता घरात काका आणि काकू दोघेच होते. काकूंनी लिहिलं होतं, होळीला ये, पोळ्या करून ठेवते, तुझ्याशिवाय खाणारं कोण आहे. माझी प्रत्येक सुट्टी तिथेच जात असे. तांड्यावर मी एका दिवसासाठी डोकावत असे, तेही घाईने. आमच्या लोकांत होळीएवढा मोठा सण दुसरा नाही, आणि पाच वर्षांत मी एकही होळी तांड्यावर पाहिली नव्हती.

कार्ड दोन दिवस खिशात ठेवून मी फिरलो. मग हे पत्र लिहिलं.

"काकू, तुम्हाला आणि काकांना वाकून नमस्कार. कार्ड मिळालं. मोजणीचं काम पार पडलं, प्रकृती बरी आहे.

या होळीला मी येत नाही. तुम्ही डाळ भिजत घालण्याआधी कळावं म्हणून लगेच लिहितो आहे. मला तांड्यावर जायचं आहे. आईने माझ्यासाठी चूल मांडली आहे आणि मोजणीत मला ती लिहिता आली नाही. सरकारी कागदावर नाही तर नाही, तिच्यावर शिजलेलं तरी खाऊन यावं असं वाटतं. होळीचेच नाही, मे महिन्याच्या सुट्टीचेही बरेच दिवस तिकडे राहीन म्हणतो.

तुमच्या घरी आता दोघेच आहात हे मला माहीत आहे. हे लिहिताना त्याचंच वाईट वाटतं. मी कुठल्याही एका ठिकाणी गेलो की दुसऱ्या ठिकाणी एक पान कमी होतं, यावर काही उपाय मला सुचत नाही. तुम्हाला सुचला तर लिहा.

अभ्यास सोडलेला नाही. इंग्रजीचं पुस्तक तांड्यावर सोबत नेतो आहे. रागावू नका.

तुमचा."